उतू गेलेलं दूध

तिसऱ्यांदा दूध वर आलं आणि तिसऱ्यांदा घराने गॅस बंद केला. इंदुमतीबाईंचा पारा चढला.

"अरे, आज घरभरणी आहे! नव्या घरात दूध उतू जायलाच हवं," त्या छताकडे बघून ओरडल्या.

"काकू, जुन्या घरी तुम्ही गॅस बंद करायला विसरलात आणि स्वयंपाकघर पेटलं. म्हणून तर निशिकांतने मला लक्ष ठेवायला सांगितलंय," घर म्हणालं.

बाईंना ते लागलं. त्या आगीपासून त्यांचा मुलगा निशिकांत त्यांना साधा चहाही एकटीने करू देत नव्हता. आत्ता तो गुरुजींना आणायला गेला होता, म्हणून तर त्या ओट्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"विसरणं वेगळं, मुद्दाम करणं वेगळं. मी इथे उभी आहे. बघ माझ्याकडे."

घराने बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग गॅस आपोआप पेटला.

दूध फुगून वर आलं आणि पातेल्यावरून ओघळत ओटाभर पसरलं. बाईंनी हात जोडले, तशी घराने आच बंद केली.

"काकू, दूध उतू गेलं की निशिकांतला कळवायचा नियम आहे," घर चाचरत म्हणालं. "कळवू?"

"कळव की!" बाई हसल्या. "म्हणावं, येताना पेढे आण."