राखीव गडी

विस्कॉन्सिनच्या थंडीत, सामन्याआधी स्टेडियमच्या वाहनतळावर सॉसेज भाजता भाजता आम्ही आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या राखीव क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याचा, निकाल लावत होतो.

"पोराचा नेम अचूक आहे," माझा मित्र व्हर्नन म्हणाला, "फक्त चेंडू समोरच्या संघाला देतो. हाकला त्याला!"

"मुळीच नाही!" शेजारच्या गाडीजवळच्या बाई फणकारल्या. "पुढचे सगळे सामने त्यालाच खेळवा."

अख्ख्या गावात त्याची बाजू घेणारं हे पहिलंच माणूस. समोरच्या संघाची हेर असावी. टोपी आमच्या संघाची होती, त्यामुळे संशय आणखी वाढला.

व्हर्ननने डोळे बारीक केले. "मावशी, खरं सांगा. तुम्ही त्याच्या आई ना?"

"छे हो!" बाईंनी सॉसेजला मोहरीचा सॉस फासला. "माझा मुलगा मुख्य क्वार्टरबॅक. त्याचा गुडघा बरा होईपर्यंत लोकांनी त्याला विसरता कामा नये."