वळणापुढची जागा

"मेले," मावशी म्हणाली आणि भाच्याची पुढची फळी तिने तळहाताने आडवी केली.

बोटभर उंचीचे ते शिशाचे ढालवाले खांद्याला खांदा लावून टेबलावरच्या प्लास्टरच्या दरीत शिरले होते. आतली जमीन ओबडधोबड. कोणाचा पाय खड्ड्यात गेला, कोणाचा दगडावर चढला, आणि ढालींमध्ये फटी पडल्या. त्या फटींतून कड्यावरच्या गोफणवाल्यांनी एकेकाचं डोकं फोडलं. फाशांनी तसंच दान दिलं होतं.

"पुन्हा मांड," भाचा म्हणाला.

"आधी चहा घे. आणि कपाळाला काय झालंय ते सांग."

"जिन्यात पडलो."

टाके ताजे होते. मावशीने जास्त चौकशी केली नाही. तो सशस्त्र पोलिसांच्या तुकडीचा प्रमुख होता. त्याच्या जखमांबद्दल घरात कोणी विचारत नसे.

मावशीची हयात शाळेत कामगारांच्या मुलांना इतिहास शिकवण्यात गेली होती. हे सैन्य तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यापासून समोर बसायला कोणी नव्हतं. त्यामुळे भाच्याने आपणहून "मावशी, मला शिकव" म्हटल्यावर ती हरखून गेली होती. दरीचं चित्रही त्यानेच काढून आणलं होतं. अरुंद तोंड, दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये एक वळण.

"कुठल्या लढाईतली रे ही?"

"वाचली होती कुठेतरी."

"आणि वळणापुढे काय?"

"तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "म्हणजे पुस्तकात दिलेलं नाही. तूच सांग ना, काय असेल?"

मावशीने चष्मा पुसला. "पाणी वळणावर काठ खातं. दरी वळली की तिचं पोट सुटतं. पुढे ऐसपैस जागा असणार." आणि तिने प्लास्टर कालवून वळणापुढे रुंद मैदान केलं.

त्या दुपारी भाचा हरतच राहिला. ढालवाले तोंडाशी चेचले गेले, मधोमध चेचले गेले, मागे फिरताना आपल्याच माणसांच्या पायाखाली गेले. शेवटी त्याने फासे आपटले.

"भिंत घेऊन कोणी बोळातून जातं का?" मावशी हसली. "फळी मोकळ्या जागेत. इथे सापासारखी लांब रांग कर आणि पळव. मार खा, पण थांबू नकोस. वळण ओलांडलंस की पसर, तिथे फळी धर, आणि मग काप त्यांना."

"राखीव किती ठेवू?"

"एकही नको. थोडे आत, थोडे बाहेर केलंस तर दोन्हीकडचे मरतील. सगळे एकदम आत घे."

त्याने तसंच केलं. वळणापुढे रांगेची फळी झाली, भाले पुढे आले, आणि गोफणवाल्यांची अक्षरशः खांडोळी झाली. मावशी त्यांना मुठीमुठीने उचलून डब्यात टाकत होती.

"यांची घरं असतील रे मागे," ती म्हणाली.

"खेळात घरं नसतात, मावशी."

"नाही का? बरं."

जीपमध्ये बसल्यावर त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं. बिचारीला वाटतंय, भाच्याला खेळाचा नाद लागला. कामगारवस्तीतली ती गल्ली रिकामी करण्याचा हुकूम होता. वर ताडपत्र्या ताणलेल्या, दोन्ही बाजूंना तिमजली इमारती, आतल्या फरशा उखडलेल्या. पहिल्या वेळी त्याची माणसं वळणाच्या अलीकडेच पडली होती. चिडून त्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा आतलेही काही मेले होते. पण आता त्याला कोडं सुटलं होतं.

बुधवारी सकाळी तुकडी आत घुसली. लांब रांगेत, डोक्यावर ढाली, पळत. खिडक्यांतून विटा बरसल्या. एकाचा जबडा निखळून लोंबू लागला, तरी तो पळत राहिला. खाली पडलेल्यांच्या अंगावरून मागचे पुढे गेले.

"थांबू नका!" भाचा ओरडत होता. "वळणापुढे पसरा!"

ते वळले.

वळणापुढे गल्ली निमुळती होत गेली होती. दोन माणसं अंग चोरून जातील एवढीच वाट, आणि तिच्या टोकाला कारखान्याची सलग भिंत. पुढचे भिंतीवर आदळले. मागच्यांना काही दिसत नव्हतं. ते रेटतच राहिले. ढाली उचलायला हात मोकळे होईनात. बरगड्या मोडल्याचे आवाज त्याला अगदी कानाशी ऐकू आले. तो "मागे फिरा" म्हणून किंचाळला, पण तुकडी अजून गल्लीच्या तोंडातून आत येत होती. सगळे एकदम. तोच हुकूम होता.

मग वरच्या ताडपत्र्या सर्रकन ओढल्या गेल्या. त्याने मान वर केली.

गच्चीच्या कठड्याशी, विटा उचललेल्या वस्तीतल्या बायकांच्या मधोमध, मावशी उभी होती.

"घाई करू नका गं," ती दोन्ही हात पसरून त्यांना थोपवत होती, "मागचे अजून आत यायचेत."