रणगाड्यांची वाट

अमळनेरच्या रूपालीनं उपग्रहाच्या फोटोंवरून लष्करी सराव मैदानातल्या गवताचं संगणकावर मॉडेल केलं होतं. रणगाड्यांच्या वाटा बदला, नाहीतर इथं गवत उरणार नाही, हे ती गेल्या वर्षीच सांगून गेली होती. मैदानाचा ताबा असलेले मेजर तेव्हा म्हणाले होते, "गवतासाठी सराव बदलत नसतो."

आज तिनं स्क्रीनवर, गवत मेलेल्या लाल पट्ट्यांवरून नुसतं बोट फिरवलं. "रणगाडे इथून निघतात, या टेकडीआड थांबतात आणि इथून हल्ला चढवतात."

मेजर ताठ झाले. "ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

"गवतानंच बठ्ठं, अगदी सगळं सांगितलं, साहेब. आणि हे फोटो जगात कुणालाही फुकट मिळतात."

मेजरांनी लगेच फोन उचलला. "उद्यापासून सगळ्या वाटा बदला."

रूपालीनं लॅपटॉप मिटला. तिला मतलब फक्त गवताशी होता.