बांधाचा धडा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी गावातल्या मुलांना शेतात नेऊन मातीबद्दल शिकवतो. त्या दिवशी धडा बांधाचा होता. माझ्या वरच्या शेतातून येणारं पाणी बांध अडवतो, म्हणून खाली धाकट्या भावाच्या शेतातली माती जागेवर राहते, असं मी समजावत होतो.

"पण आजोबा, हा तर मधोमध फुटलाय," एक चिमुरडी म्हणाली. "काकांच्या शेतात नुसते दगड उरलेत."

भाऊ तिथेच फावड्याने भगदाड बुजवत होता. तिने सरळ त्यालाच विचारलं, "काका, तुमचा बांध एवढा बारीक कसा झाला?"

वडिलांनी घातला तेव्हा त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालत. नंतर गेली पंधरा वर्षं, दर नांगरणीला, मी माझ्या बाजूने चार-चार बोटं तो कोरत आलो होतो. भावाला ते ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"उंदरांनी पोखरला, बाळांनो," तो म्हणाला. "दुसरं कोण पोखरणार?" आणि त्याने पुन्हा फावडं उचललं.

शेतात काय शिकलात ते लिहून आणा, असं मी मुलांना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सगळ्या वह्यांत एकच वाक्य होतं: बांध उंदरांनी पोखरला, म्हणून काकांची माती वाहून गेली.

 

मी लाल पेन काढलं आणि एकेका वहीत बरोबरची खूण करत गेलो.