काकूंचं एफ-एट

मिस्त्रीने वायपरची जुडी खिडकीच्या फळीवर ठेवली. "काकू, मी सहा वॉशर मागितले होते."

काकूंनी चष्म्यावरून आधी वायपरकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चिठ्ठीकडे. चिठ्ठीवरही वायपरच होते. सकाळपासूनची ही चौथी चूक. बसच्या सुट्या भागांच्या या गोदामात काकू अकरा वर्षं खिडकीवर बसत होत्या आणि आजवर त्यांनी कुणाला चुकीचा स्क्रूसुद्धा दिला नव्हता.

"काकूंची चूक नाही. घोळ मी घातलाय," शेजारच्या स्टुलावरून कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली. तिला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. चूक दुसऱ्यावर ढकलायला ती अजून शिकली नव्हती.

गोदामाचा सगळा साठा तळघरातल्या एका जुनाट यंत्रात नोंदलेला होता. काकूंच्या काळ्या पडद्यावरून त्याला काही सांगायचं तर अकरा कळा ठरावीक क्रमाने दाबाव्या लागत. काकूंनी त्या कधीकाळी एकदाच दाबून एफ-एट या बटणात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. वस्तूचा नंबर आणि नग लिहायचे, एफ-एट दाबायचं, की चिठ्ठी बाहेर. काल संध्याकाळी मुलीने ते बटण आतून उघडून पाहिलं आणि तिच्यातली टापटीप जागी झाली. दोनदा पडलेली एक कळ, लिहून पुसलेलं एक अक्षर, मध्येच चार सेकंदांचा नुसता रिकामा वेळ, सगळं तिने झाडून काढलं. मग दहा वेळा चालवून पाहिलं. दहाही वेळा बरोबर. काकूंनी पाठसुद्धा थोपटली होती.

आज सकाळी गर्दी सुरू झाली आणि वॉशरचे वायपर व्हायला लागले.

जुनं रेकॉर्डिंग जपून ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. ठेवलं नव्हतं. मुलीने आठवून आठवून सगळ्या कळा परत भरल्या, कीबोर्ड बदलला, वायर काढून पुन्हा लावली. बटण धड चालेना आणि धड चुकेनाही. तीनदा बरोबर, चौथ्यांदा वायपर.

साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर ही खिडकी बंद, काकूंनी वरच्या मजल्यावर मोजणीला जायचं. साहेब उत्साही माणूस. काकूंची पाठीची उशी त्यांनी आधीच वर पाठवून दिली होती.

"वर शिडी आहे," काकू म्हणाल्या. "माझे गुडघे आणि शिडी यांचं या जन्मात पटायचं नाही."

त्या हसत होत्या, पण पाठीमागे हात नेऊन दोनदा उशीची रिकामी जागा चाचपून झाली होती. मुलीला ते बघवेना. तिने मान खाली घालून अकरा कळा पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.

मिस्त्री जागचा हलला नव्हता. "सामान चुकलं ते चुकलं. पण आज तुम्ही विचारलंही नाहीत."

"काय विचारलं नाही?"

"आणखी काही हवंय का, ते. रोज विचारता की."

काकू वैतागल्या. "विचारू कधी? बटण दाबते न दाबते तोच चिठ्ठी बाहेर. पूर्वी कसं, बटण दाबलं, मान वर केली, विचारलं, मग ती यायची."

मुलगी स्टुलावरून उठली. "काकू, हे रेकॉर्ड केलंत तेव्हा खिडकीवर कुणी उभं होतं?"

"असणारच. माणूस खोळंबलेला असताना मी काय नुसती बटणं भरत बसणार?"

"आणि त्याला विचारलं होतंत?"

"विचारल्याशिवाय सोडीन का?"

मुलीने कपाळावर हात मारला आणि लगेच कीबोर्ड पुढे ओढला. तळघरातल्या यंत्राला एक पडदा मिटून दुसरा उघडायला वेळ लागायचा. संध्याकाळी काम नसे, तेव्हा ते चटपटीत असे. सकाळच्या गर्दीत त्याला धाप लागे. तेवढ्यात पुढच्या कळा येऊन जुन्याच पडद्यावर पडत, आणि वॉशरचा सहा भलत्याच नंबरात जाऊन बसे. तिने सगळ्या कळा परत भरल्या होत्या. रिकामा वेळ तेवढा भरला नव्हता, कारण रिकाम्यात काय असणार, असं तिला वाटलं होतं.

चौथ्या कळेनंतर तिने चार सेकंद घातले. "दाबा."

काकूंनी वॉशरचा नंबर लिहिला, सहा लिहिला आणि एफ-एट दाबलं. पडदा ढिम्म. साहेब घड्याळ बघत मागे येऊन उभे राहिले होते. काकूंची नजर पडद्यावरच खिळली होती.

"काकू, विचारा ना," मुलगी कुजबुजली.

काकूंनी मान वर केली. "आणखी काही?"

"नाही, काकू," मिस्त्री म्हणाला.

पडदा पालटला आणि चिठ्ठी सरसरत बाहेर आली. वॉशर, सहा नग. मुलीचा जीव भांड्यात पडला. पण तिने रांगेतल्या आणखी नऊ जणांच्या चिठ्ठ्या शेजारी उभं राहून वाचल्या, आणि या वेळी रेकॉर्डिंगची प्रत काढून ठेवली. नऊही जणांना काकूंनी विचारलं. दोघांना खरंच आणखी काही हवं होतं.

साहेबांनी दहावी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. जेवणाची घंटा व्हायला अजून वेळ होता.

"चाललं म्हणायचं," ते म्हणाले. "बरं झालं. आणखी काही?"

"हो," काकू म्हणाल्या. "माझी उशी."