चोवीस बैठकांचा अहवाल

रविवार, दिनांक ८ डिसेंबर २०२४ रोजी, सकाळी साडेआठ वाजता, कशेळ्याच्या पुढे डोंगरपायथ्याच्या एका गावात, स्वतःच्या पडवीत, मालोजी ठोंबरे लाकडी खुर्चीवर ताठ बसले होते. ताठ बसण्यात त्यांचे कर्तृत्व काही नव्हते. मणक्यांच्या दाहक संधिवाताने गेली सहा वर्षे त्यांना दुसऱ्या कोणत्याही प्रकारे बसू दिले नव्हते.

समोर स्टुलावर मोबाइल होता आणि पडद्यावर, पुण्याहून, समीक्षा. दुरून व्यायाम करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट. बारा आठवड्यांत प्रथमच तिचा चेहरा तुकड्यांत न येता अखंड आला होता, कारण त्याच सकाळी वायफायची तार घरात पोचली होती. हे मालोजीरावांच्या आठव्या अर्जाचे फळ. तार जोडणारा हिरामण अजून शिडीवरच होता.

मागे, डाव्या खांद्याशी, पत्नी सुंदरा उभी होती. तिच्या उंचावलेल्या हातात मोटरसायकलची किल्ली होती. अंग न वळवता, केवळ मान वळवून मालोजीरावांना ती किल्ली दिसली, तर ती परत मिळणार होती. न दिसली, तर मोटरसायकल रसायनीला मेहुण्याच्या दारात जाणार होती. सप्टेंबरात कशेळ्याच्या नाक्यावर वळताना मालोजीरावांना मागची जीप दिसली नव्हती. जीपवाल्याला ते दिसले, म्हणून निभावले. तेव्हापासून मराठीचे हे शिक्षक त्याच जीपमधून शाळेत जात, आणि जीपवाला रोज सर्व प्रवाशांदेखत त्यांच्या मानेची चौकशी करी. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितले होते : औषध दाह शमवील, हालचाल तुम्ही राखायची, मणके एकदा सांधले की कोणाचाही अर्ज चालत नाही.

"सर, मान वळवा," समीक्षा म्हणाली.

"तत्पूर्वी एक निवेदन." मालोजीरावांनी मांडीवरची वही उघडली.

"अवो, आधी मान वळवा. माझा हात भरून आला."

"निष्कर्षाआधी वस्तुस्थिती नोंदली गेली पाहिजे," असे म्हणून त्यांनी वाचन आरंभिले.

एकूण बैठका चोवीस. घरात रेंज नसल्याने सर्व बैठका गावामागच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी. त्यांपैकी एकवीस वेळा संपर्क तुटला. उरलेल्या तीन वादात गेल्या : पहिली, 'हळूहळू' म्हणजे नेमके किती सेकंद यावर; दुसरी, श्वास ही धरून ठेवण्याची वस्तू आहे काय यावर; तिसरी, पहिल्या दोन वादांचा निवाडा कोणी करायचा यावर. पूर्ण झालेले व्यायाम : शून्य.

येथे मालोजीरावांचा आवाज किंचित उतरला. आपण अत्यंत शिस्तीने काहीही न करणारे गृहस्थ आहोत, हे त्यांना स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात प्रथम दिसले. तथापि शेवटचे वाक्य त्यांनी सोडले नाही.

"सबब, आजचे मोजमाप रद्द समजावे, आणि उपचार आजपासून, या तारेवर, नव्याने सुरू व्हावेत."

"सर," समीक्षा म्हणाली, "मान."

किल्ली दिसणार नाही, याची त्यांना खात्री होती. त्यांनी मान वळवली. प्रथम पडवीचा खांब दिसला. मग हिरामणची शिडी. मग हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्याही वर, लाल दोरा बांधलेली किल्ली.

"दिसली," ते म्हणाले. गुन्हा कबूल करावा तसे.

सुंदराला ते पटले नाही. ती उजव्या खांद्याशी गेली. तिथेही दिसली.

समीक्षाने पडद्याजवळ चेहरा आणला. "सर, व्यायाम शून्य म्हणता. मग ही मान सुटली कशाने?"

 मालोजीरावांनी वहीची पाने उलटली. वहीत तशी नोंद नव्हती.

"मी सांगते ना ताई," सुंदरा म्हणाली. "तुमचं आठवड्यातनं दोनदा आसायचं, पन हे टेकाडावर रोज जायचे. तारंच्या अर्जाचं काय झालं म्हनून कंपनीच्या मानसाशी भांडायला. गेले की टाकीच्या भितीला पाठ लावायची. दोनी हात वर, हातात फोन. रेंज डावीकडं गेली की मान डावीकडं, उजवीकडं गेली की उजवीकडं. अन् मोठा श्वास घेऊन आसं वरडायचं, खाली गोठ्यात म्हैस दचकायची."

"मी ओरडत नव्हतो. युक्तिवाद करीत होतो."

"तेच ते."

समीक्षाने आपल्याकडचा एक कागद उचलून पडद्यासमोर धरला. "सर, चढण चालणे. पाठ भिंतीला टेकवणे. हात वर ताणणे. मान दोन्ही बाजूंना. दीर्घ श्वास. तुम्हाला पहिल्याच दिवशी पाठवलेला कागद आहे हा."

मालोजीरावांनी कागद वाचला. त्यात 'हळूहळू' चार ठिकाणी होते. या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही.

शिडीवरून हिरामणने विचारले, "सर, दोनच खिळे ऱ्हायलेत. मारू?"

मालोजीरावांनी उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. तोवर सुंदराने किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर पाहिले.

"खिळे नको रं, हिरामण. तार काढ."