पेट्रोलातले तेल

तेरेखोलच्या खाडीत बाबलींनी तीस वर्षे टू-स्ट्रोक इंजिनाची होडी चालवली. त्या इंजिनाच्या पेट्रोलात तेल मिसळावेच लागे, आणि देवाला फूल वाहावे तशा निष्ठेने ते रोज पहाटे मिसळत. पुढे परेशने, त्यांच्या मुलाने, नवे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले. त्याच्या तेलाची जागा निराळी. पेट्रोलात तेलाचा थेंबही पडता कामा नये.

परंतु वार्धक्याने बाबलींची स्मृती क्षीण झाली होती. परेश उठण्यापूर्वीच ते टाकीत तेल ओतून येत, आणि ओतल्याचेही विसरत. डबा लपवला, तर दुकानातून नवा आणत. एकदा परेशने हळूच सांगून पाहिले, तेव्हा "म्हणजे माझो आता काय उपयोगच नाय," असे म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत. त्यानंतर परेशने तो विषय काढला नाही.

आज म्हापशाहून आलेल्या मंगेश मिस्त्रीने तिसऱ्यांदा इंजिन उघडले.

"प्लग परत काळे कोळसो! अरे, पेट्रोलात तेल घालता कोण? आणखी एकदा असा झाला, तर भर खाडीत बंद पडतला हां!"

वडील शेजारीच बसले होते. परेशने मान खाली घातली.

"मीच घालतंय, मिस्त्री. जुन्या सवयीन हात जाता."

बाबलींनी मोठ्या मायेने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.



"ह्येच्या काय्येक लक्षात रवत नाय, मिस्त्री. उद्यापासून टाकी मीच भरतलंय."